संत त्रिफोनच्या दिवशी चढलेला ताप

“माणसाच्या औषधाचं सशाला विचारायचं ठरवलंत ना, मग तो काय सांगतो ते ऐका तरी,” असं व्हेल्का मावशी एकदा भर बैठकीत म्हणाली होती. त्यानंतर तिला बैठकीला बोलावणं बंद झालं.

बल्गेरियातल्या प्लॉव्हडिव्ह शहराबाहेरच्या एका औषध कारखान्यात ती एकोणीस वर्षं ससे सांभाळत होती. सलाइनचा नमुना तीन सशांच्या कानाच्या शिरेत टोचायचा आणि तीन तास त्यांचा ताप मोजायचा. सशाला ताप चढला, तर उद्या माणसालाही हुडहुडी भरणार. अट एकच, शांतता. परका हात लागला तरी सशाचं अंग तापतं. हीच परीक्षा सशांशिवाय, काचेच्या नळीत माणसाच्या रक्तावरही होते. त्या परीक्षेचं यंत्र तीन वर्षांपूर्वी आलं. ते शिकायला संचालक डॉक्टर त्रिफोन मुताफोव्ह स्वतः व्हिएन्नाला गेले आणि चॉकलेट घेऊन परतले. यंत्र खोक्यातच राहिलं.

एक फेब्रुवारी म्हणजे संत त्रिफोनचा दिवस, द्राक्षवेलींच्या छाटणीचा, आणि अर्थात संचालकांच्या नावाचा. नावाच्या दिवशी कुणाला आमंत्रण देत नाहीत, आणि आलेल्याला परतही पाठवत नाहीत. प्राणिदया समितीने तपासणीला नेमका तोच दिवस निवडला. मावशीने तासाभरापूर्वीच सुया टोचल्या होत्या.

“आज नको, डॉक्टर. परीक्षा चालू आहे.”

“अहो मावशी, पाच मिनिटं! दयाळू माणसं आहेत.”

दयाळू माणसं वाइनचे पेले घेऊन आत शिरली. निवृत्त न्यायाधीश, धर्मगुरू, एक शाळामास्तरीण. मागून चौकीदार गायदा, म्हणजे बकऱ्याच्या कातड्याच्या पिशवीचं वाद्य, फुंकत आला. यंत्राच्या खोक्यावर केक ठेवला गेला.

“अगं बाई, किती मऊ!” मास्तरीण म्हणाली. “गाजर देता ना यांना?”

“हात काढा, बाई.”

“मावशींचा जीव आहे हो यांच्यावर,” म्हणत न्यायाधीशांनी दुसऱ्या सशाचे कान कुरवाळले. धर्मगुरूंनी तिन्ही सशांना आशीर्वाद दिला. समितीने तिथेच दाखला लिहिला की इथे प्राणी कमीत कमी वापरतात. टाळ्या पडल्या, आणि मंडळी अंगणात नाचायला गेली.

तिन्ही सशांच्या चढलेल्या तापाची बेरीज आली एक पूर्णांक नऊ अंश. पास नाही, नापासही नाही. सलाइन बिघडलं होतं की गायदा बाधली होती, कोण सांगणार? अशा वेळी नियम असा, की आणखी तीन ससे घ्यायचे.

“आणखी तीन?” मुताफोव्ह ओरडले. “दाखल्याची शाई वाळली नाही अजून! आणि बाटल्या आज मुलांच्या इस्पितळात जायच्यात.”

“खराब निघाल्या तर?”

“हा ताप गर्दीचा आहे, तुम्हालाही माहीत आहे.”

“मला तसं वाटतं. माहीत नाही.”

“मग वाटतं तेच लिहा. शून्य पूर्णांक आठ, म्हणजे पास. पुढच्या वर्षी निवृत्त होताय, उगाच शेवट कशाला नासवता?”

“उद्या पुन्हा मोजते. एका दिवसाचा प्रश्न आहे.”

“ते तीन ससे म्हणजे तीन जीव आहेत, मावशी! काळीज आहे की नाही तुम्हाला?”

त्यांनी तापाची वही पुढे सरकवली. त्या वहीवर तिची सही नसेल तर फाटकावरून बाटल्यांची गाडी सुटत नसे. मावशीने पेन घेतलं. पिंजऱ्यातल्या सशाची बरगडी भरभर वरखाली होत होती. मग तिने पेनाला टोपण लावलं, वही मिटून काखेत मारली, आणि अंगणात हातात हात धरून नाचणाऱ्या समितीची साखळी मधोमध तोडून ती फाटकाबाहेर निघून गेली.