रामधनचं स्वादुपिंड

साधना खोब्रागडे मूळची घाटंजीची. धाकटी बहीण दीपा आठ वर्षांची असताना तिला साखरेचा आजार निघाला. घरात फ्रिज नव्हता, म्हणून इन्सुलिनची बाटली माठाच्या बुडाशी ओल्या फडक्यात ठेवत. एका मे महिन्यात उष्णतेनं ते औषध निकामी झालं आणि दीपा दोन दिवस यवतमाळच्या दवाखान्यात बेशुद्ध होती. ती वाचली. पुढं साधनानं प्रयोगशाळा तंत्रज्ञाचा कोर्स केला आणि नागपूरच्या एका संशोधन केंद्रात लागली.

तिथं तिचं काम म्हणजे मेंदू मृत झालेल्या माणसाचं स्वादुपिंड, घरच्यांनी दिलं तर, केंद्रात नीट आणून पोचवणं. त्यात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचे बारीक पुंजके असतात. ते वेगळे काढून रुग्णाच्या यकृतात सोडले तर तिथं इन्सुलिन तयार होऊ शकतं. पण स्वादुपिंडातच अन्न पचवणारे रस असतात, आणि बाहेर काढल्यावर ते त्यालाच पचवू लागतात. म्हणून थंड द्रावणात, पिशवीत पिशवी घालून, बर्फाचा थेट स्पर्श होऊ न देता न्यायचं. केंद्राची मुदत आठ तासांची.

२०१४च्या नोव्हेंबरात राजूरच्या कोळसा खाणीत काम करणारा रामधन मोटरसायकलवरून पडला. यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्याचा मेंदू मृत झाल्याचं सांगितलं. बायकोनं, विमलताईंनी, दोन्ही किडन्या आणि स्वादुपिंड द्यायला होकार दिला. सही करताना त्या साधनाला म्हणाल्या, "पुढं जे होईन ते मले सांगजा. खोटं नोका सांगू."

सकाळी सहाला स्वादुपिंड काढलं आणि साडेसातला गाडी निघाली. किडन्याही त्याच गाडीत होत्या. कळंबच्या अलीकडं कापसाच्या भावासाठी रास्ता रोको चालू होता. रस्त्यावर बैलबंड्या आडव्या, मागंपुढं दीड कोसभर ट्रक. साधनानं उतरून पुढाऱ्याला गाडीतल्या बर्फाच्या डब्यांत काय आहे ते सांगितलं. लोकांनी बंड्या लगेच बाजूला केल्या, पण अडकलेले ट्रक हलेनात. तीन तास वाट पाहून शेवटी तिनं आणि ड्रायव्हर उकंडानं डबे उचलले आणि ट्रकांच्या कडेनं चालत निघाले. पलीकडच्या टोकाला आंदोलनातलाच पूनमसिंग नावाचा एक शेतकरी होता. त्यानं काही न विचारता दोघांना आपल्या जीपमध्ये बसवलं आणि नागपूरला सोडलं.

पोचले तेव्हा स्वादुपिंड काढून साडेनऊ तास झाले होते. किडन्या जास्त वेळ टिकतात. दोन रुग्णांना त्या बसवल्या आणि चालू लागल्या. स्वादुपिंडातून पुंजके काढले, मोजले. कुणाला देण्याइतके जिवंत पुंजके निघाले नाहीत.

आठवड्यानं साधना बसनं राजूरला गेली. विमलताईंनी बसायला चटई टाकली. साधनानं आधी किडन्यांचं सांगितलं, मग स्वादुपिंडाचं.

विमलताई म्हणाल्या, "मंग ते फेकलं का?"

"नाही. उशिरानं आलेलं किती टिकते, कोन्त्या पान्यात टिकते, ते पाह्यासाठी ठेवलं."

"कोनाच्या कामी येईन?"

"माईत नाई, ताई. आलं तं लय दिवसानं."

परत आल्यावर साधनानं दोन गोष्टी मागून घेतल्या. गाडी निघण्याआधी वाटेतल्या पोलीस ठाण्यांना फोन, आणि द्रावणाच्या नव्या चाचण्या. रामधनच्या स्वादुपिंडाचे तुकडे त्या चाचण्यांत वापरले गेले. द्रावणात एक बदल ठरायला दोन वर्षं लागली.

२०१७मध्ये त्या बदललेल्या द्रावणात अमरावतीहून आलेल्या स्वादुपिंडातले पुंजके एका शिक्षिकेला दिले. तिचं इन्सुलिन सुटलं नाही, निम्म्यावर आलं. पण साखर एकाएकी उतरून ती वर्गात कोसळायची, ते थांबलं. साधनानं विमलताईंना फोन केला. हे रामधनचं नाही, असं तिनं आधीच सांगितलं.

"समजलं मले. त्याच्यावर शिकल्या ना पन तुमी?"

"हो."

"बाई कोन्त्या गावची?"

साधना म्हणाली, ते सांगता येत नाही.

"नोका सांगू," विमलताई म्हणाल्या. "शाळेत जाते ना आता रोज?"