पावसाळ्याच्या बाटल्या

लग्न होऊन नवीन पनवेलला आले तेव्हा माझं पीएच.डी.चं काम अर्धं झालं होतं. विषय शेणातल्या किड्यांचा. कोणत्या ऋतूत कोणते येतात, कोणते नाहीसे होतात. आमच्या सेक्टरमागे अजून थोडं गाव शिल्लक होतं. तिथे एका म्हातारीच्या म्हशी होत्या. मी डबा घेऊन गेले की ती शेजारणीला हाक मारायची, "बग गं, शिकलेली सून शेन न्यायला आली!" पण 'नाही' असं कधी म्हणाली नाही.

शेण गाळणीवर ठेवायचं, वर बल्ब लावायचा. उष्णतेने आतले जीव खाली सरकतात आणि स्पिरिटच्या बाटलीत पडतात. उन्हाळ्यात शेणाची नुसती खपली व्हायची, हाती फारसं लागत नसे. पावसाळ्यात मात्र शेणाचा पो आतून हलायचा. काळे भुंगेरे, अळ्या, आणि भुंगेऱ्याच्या पोटाला चिकटून गावभर फिरणारे कोळ्याच्या जातीचे बारीक जीव. मी गॅलरीतल्या फळीवर बाटल्या ओळीने लावल्या होत्या.

दिवाळीत नवऱ्याचे साहेब फराळाला यायचे होते. मी बाजारातून आले तर फळीवर बाटल्यांच्या जागी पणत्या.

"बाटल्या कुठायत?"

"टाकल्या. अगं, साहेब गॅलरीत बसणार. त्यांना काय किडे दाखवायचे?"

"अख्खा पावसाळा होता त्यात."

"मग पुढच्या वर्षी येईलच की पावसाळा."

तो खरोखर माझी समजूत काढत होता. मी धावत खाली गेले. कचऱ्याची गाडी येऊन गेली होती. संध्याकाळी साहेबांना चकल्या वाढल्या. बाई घर छान ठेवतात, असं ते म्हणाले.

पुढच्या पावसाळ्यात मला दिवस गेलेले. घरातल्यांनी गोठ्याकडे फिरकू दिलं नाही. "आता तुमचं कसं जमणार?" म्हणत माझ्या गाईड सरांनी विषय दुसऱ्या विद्यार्थ्याला दिला. तो एका रविवारी म्हातारीच्या गोठ्याची वाट विचारायला आमच्याकडे आला. मी चहा दिला, वाट सांगितली.

"हिनेपण यावरच काम केलंय, बरं का," नवरा कौतुकाने म्हणाला.

"मग मॅडम, पूर्ण का नाही केलंत?"

नवऱ्यानेही मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्यालाही खरंच माहीत नव्हतं.