पाच अक्षरांचं नाव, सहा चौकटी

इद्वाल प्रिचर्डच्या तोंडी लागू नये, हे आमच्या ल्हीनमध्ये, या वेल्श मुलखात, पोरांना शिकवावं लागत नाही. एकतीस वर्षं त्यानं दुधाचा टँकर चालवला, एकूण एक गोठ्याच्या दारात पहाटे त्याचा हॉर्न वाजला. पण गाव त्याला ओळखतं ते चुका काढणारा म्हणून. दुकानाच्या पाटीवर एखाद्या अक्षरावरची टोपी, म्हणजे स्वर लांबवायची खूण, राहिली, की हा गाडी थांबवून आत जाणार आणि गिऱ्हाइकांसमोर दुकानदाराची खरडपट्टी काढणार. उन्हाळ्यात सुट्टीला येणाऱ्या इंग्रजांनी पत्ता विचारला, तर आधी गावाचं नाव तीनदा नीट म्हणून दाखवायचं, मग रस्ता. बिचारे पुढच्या वर्षी नकाशा घेऊन येतात.

गावच्या मासिकातलं शब्दकोडंही गेली बावीस वर्षं तोच बनवतो. त्यात त्याचा कायदा कडक. ‘एल’ला ‘एल’ जोडून लिहिलं, की दिसायला ती दोन, पण वेल्शमध्ये अक्षर एकच. जीभ ‘ल’साठी टेकवायची आणि दोन्ही कडांनी वारा सोडायचा, झाला उच्चार. कोड्यात त्याला एकच चौकट. आमची शाळेतली पोरंसुद्धा दोन्ही एल एका चौकटीत कोंबतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

त्याची एकुलती एक मुलगी मारेद. आई गेल्यापासून बापलेक दोघंच, त्यामुळे भांडणंही भरपूर. तिनं लग्न केलं ते ग्रेगशी, समुद्रातल्या पवनचक्क्यांवर काम करणाऱ्या इंग्रज पोराशी. दिवस गेले तेव्हा तिनं आधीच सांगून टाकलं, मुलगी झाली तर ल्हैकी. इद्वालच्या आजीचं नाव. सुरुवातीलाच ते अक्षर, आणि इंग्रजांच्या दृष्टीनं लिहायचं एक, म्हणायचं एक. इद्वालला आनंदानं काही सुचेना, म्हणून त्यानं दिवसभर कुंपण रंगवलं.

ग्रेगच्या आईनं फोनवर विचारलं, “हे नाव आहे की खोकला?”

“लूसी ठेवा ना,” ती म्हणाली. “अर्थ तोच आणि सगळ्यांना जमेल.”

“लूसी तुमच्या मांजरीला ठेवा,” इद्वाल मागून ओरडला. ग्रेगनं घाईघाईनं फोन खिडकीबाहेर धरला.

पोर जन्मली आणि सगळ्यांची तोंडं बंद झाली. ओठ निळे, नखं निळी. आमच्याकडच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं. हृदयातल्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या उलट्या जोडलेल्या होत्या. ताबडतोब सीमेपलीकडे, इंग्रजांच्या मुलखातल्या मोठ्या इस्पितळात न्या, म्हणाले. ग्रेग भर समुद्रात, वादळामुळे बोट निघेना. मारेदचं पोट फाडून बाळंतपण झालेलं, ती चाकाच्या खुर्चीत. उरला इद्वाल. तिथला दाखल करून घ्यायचा फॉर्म त्यानंच भरला, एकेका चौकटीत एकेक अक्षर. अक्षर छापल्यासारखं. जन्माची नोंदणी अजून झालेली नव्हती, म्हणजे ल्हैकीचं नाव कागदावर पहिल्यांदा उमटलं ते आजोबाच्या हातून. एवढ्या काळजीतही त्याला तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

चौथ्या दिवशी सकाळी आठला ऑपरेशन होतं. सव्वासातला सिस्टर पॉलीन कागद घेऊन आली. उंच, करड्या केसांची, भरभर बोलणारी बाई.

“रक्तपेढीनं नमुना परत पाठवलाय,” ती म्हणाली. “नाव जुळत नाही. मनगटावरच्या पट्टीत एकच एल आहे. नमुन्याच्या बाटलीवर दोन.”

“बाटलीवरचं मी सांगून लिहून घेतलंय,” मारेद म्हणाली. “दोन एल. बरोबरच आहे.”

“मग पट्टी चुकली. पट्टी छापतात ती फॉर्मवरून.” सिस्टरनं फॉर्म पुढे धरला. पहिल्या चौकटीत एक मोठा एल आणि त्याला चिकटून एक बारीक उभी रेघ. “कॉम्प्युटरवर बसलेल्या पोरीला ही रेघ म्हणजे खोडाखोड वाटली असणार. कुणी भरलाय हा?”

इद्वालनं ती रेघ ओळखली. कोडं भरावं तसा फॉर्म भरला होता त्यानं. पाच अक्षरं, पाच चौकटी.

“मी,” तो म्हणाला.

“एका चौकटीत दोन अक्षरं घातलीत तुम्ही.”

एरवी कुणी असं म्हणालं असतं, तर इद्वालनं त्याला तासभर सोडलं नसतं. आज तो म्हणाला, “हो. घातली.”

सिस्टरनं सरळ सांगितलं. नवी पट्टी, नवा नमुना, पुन्हा जुळवणी, कमीत कमी अडीच तास. रक्ताच्या बाबतीत एका अक्षराचीही सवलत नाही, आणि नसावीच. आठची जागा आता दुसऱ्या बाळाला. बारापर्यंत रक्त आलं तर ल्हैकीला घेता येईल, नाहीतर उद्या.

“उद्यापर्यंत दम धरेल ती?” मारेदनं विचारलं.

सिस्टर म्हणाली, “रात्रीपासून ऑक्सिजन उतरतोय. आज झालं तर बरं.”

तिनं कोरा फॉर्म इद्वालच्या हातात दिला आणि आवाज जरा खाली आणला. “हे बघा, वेळ तेवढाच लागणार आहे, नाव कुठलंही लिहा. पण अजून नोंदणी झालेली नाही म्हणून सांगते. सोपं काही घालायचं असेल, तर आत्ता घालता येईल.”

ती नवं रक्त काढायला आत गेली. त्या एवढ्याशा मनगटात पुन्हा सुई जाणार, ती आपल्यामुळे, हे इद्वालला सहन होईना. फॉर्म मांडीवर घेऊन तो मारेदच्या शेजारी बसला. पेन उघडलं, बंद केलं.

“मारेद, लूसी लिहितो.”

ती बघतच राहिली. “काय?”

“लूसी. चार अक्षरं आहेत, कुणाचं काही चुकणार नाही. अगं, हे काय एका दिवसाचं आहे का? दुखणाईत हृदय घेऊन आलीय ती. दर वर्षी इथं येणार, दर वेळी नवा फॉर्म, नवी पट्टी, नवी पोरगी कॉम्प्युटरवर. एकदा चुकलं आणि तिचा जीव टांगणीला लागला. मी केलं हे, मी! गावभर लोकांच्या चुका काढत हिंडलो आणि करून करून कुठे केली चूक!” त्याला हुंदका आला. “मला नको ते नाव. मला पोर पाहिजे.”

“आणि मला नको झालीय का?” मारेद कडाडली. समोरच्या बाकावरचे लोक वळून बघायला लागले. पोटावर हात दाबून ती पुढे वाकली. “बाबा, तुम्हाला काय वाटलं, तुमची मर्जी राखायला ठेवलं मी हे नाव? नऊ महिने हाक मारतेय मी तिला. वादळ असलं की, ग्रेग बोटीवर असला की, त्याच नावानं बोलतेय तिच्याशी. ॲम्ब्युलन्समध्येही तेच म्हणत होते. त्यांना तिचं हृदय उघडू देतेय मी. नाव नाही देणार.”

“पण पुन्हा असं झालं तर?”

“नाही होणार. त्यांना कळतं तसं लिहा ना. दोन चौकटींत दोन. लिहा, बाबा. वेळ चाललाय.”

इद्वालनं पहिल्या चौकटीत एल लिहिला. दुसऱ्या चौकटीशी हात अडला. बावीस वर्षं ज्याला चूक म्हणून लाल शाईनं काट मारली, तेच आता लिहायचं होतं. त्यानं लिहिलं. मग उरलेली चार. पाच अक्षरांचं नाव सहा चौकटी भरून बसलं. फॉर्म घेऊन तो स्वतः खिडकीपाशी गेला आणि आतल्या पोरीकडून एकेक अक्षर मोठ्यानं वाचून घेतलं. पट्टी छापून आल्यावर चष्मा पुसून पुन्हा वाचली.

मग वाट बघणं. दहा वाजले, साडेदहा. मारेद दर पाच मिनिटांनी “आलं का रक्त?” विचारायची आणि कुणी मान हलवली की दाराकडे बघत बसायची. अकराला दहा कमी असताना सिस्टर पॉलीन अंगठा वर करत आली. पाळण्यासकट पोरीला नेलं तेव्हा दारात सिस्टर आणि बापलेक अशा तिघांनी पट्टीवरचं नाव अक्षर अक्षर म्हणून कागदाशी ताडून पाहिलं. दुसऱ्या ‘एल’पर्यंत इद्वालनं श्वास घेतला नाही.

पाच तास लागले. ग्रेगचा फोन आला, बोट बंदराला लागलीय. दोघांनी चहा मागवला आणि कुणीच प्यायला नाही.

चार वाजता हिरव्या टोपीतला एक तरुण डॉक्टर बाहेर आला. हातातल्या कागदावरचं नाव इंग्रजी वळणानं वाचत म्हणाला, “लूकू... लूकूचं कुणी आहे?”

“मी!” इद्वाल उभा राहिला. “मी आहे.”

“ल्हैकी,” मारेद म्हणाली. “ल्हैकी नाव आहे तिचं. कशी आहे?”

“रक्तवाहिन्या नीट जोडल्यात. हृदय स्वतःचं स्वतः चालतंय,” तो म्हणाला. “एकेकानं आत या.”

मारेदला आधी नेलं. दहा मिनिटांनी तिची खुर्ची परत आली, तेव्हा तिचा चेहरा रडून ओलाचिंब झाला होता.

“गुलाबी झालीय, बाबा. नखंसुद्धा. पण नुसती रडतच बसले मी, नाव काही तोंडातून येईना. तुम्ही जा. हाक मारा तिला. इथे दुसऱ्या कुणाला येत नाही.”

नळ्यांच्या आणि दिव्यांच्या मधोमध ती झोपली होती, छातीवर पांढरी पट्टी. इद्वाल वाकला. जीभ टेकवली, पण सकाळपासून तोंडचं पाणी पळालेलं, नुसता कोरडा ‘ल’ निघाला. नर्सनं न विचारता पाण्याचा पेला पुढे केला. तो घोटभर प्यायला, पुन्हा वाकला आणि वारा जिभेच्या दोन्ही कडांनी नीट सुटला.