जयसिंगरावांच्या मांडीचा नकाशा

रहाटणीच्या जयसिंगरावांची विद्या हातांइतकीच पायांत वसत होती, हे भोसरीच्या कारखान्यातील जाणकारांनाच ठाऊक होते. यंत्राचा ओतीव पाया सपाट करण्यासाठी फिटर जेव्हा पात्याने लोखंडाचे तलम पापुद्रे खरवडतो, तेव्हा ते बळ दंडातून येत नाही. ते मांडीतून उगम पावते आणि कंबरेवरून चढत पात्याच्या धारेपर्यंत पोहोचते. सपाट पट्टीला निळा रंग फासावा, ती यंत्राच्या पायावर घासावी, जेथे निळे ठिपके उमटतील तो उंचवटा समजून तेवढाच खरवडावा, आणि पुन्हा रंग फासावा, असे ते दिवसेंदिवस चालणारे अनुष्ठान. जयसिंगरावांचे त्यात बारा वर्षांचे तप पुरे झाले होते.

म्हणूनच १९७४ साली कंपनीने नव्या यंत्राची जुळणी शिकण्यासाठी त्यांना सहा महिने पश्चिम जर्मनीला धाडायचे ठरवले. सोबतीला पिंपरीचे भीमराज होते. वडिलांच्या काळापासून कारखान्यात वावरलेले, बौद्ध वस्तीतील वाचनालयातली झाडून सारी पुस्तके वाचलेले आणि गप्प बसण्याची कला मात्र कधीच न शिकलेले गृहस्थ.

निघण्याच्या दिवशी मातोश्री अंबूबाईंनी लेकाच्या कमरेला नवा काळा करदोटा बांधला, त्यात पासपोर्टाची मेणकापडी पिशवी ओवली, आणि गाठ अशी मारली की ती सोडवण्याचे सामर्थ्य त्यांच्याही बोटांत उरले नाही.

"परमुलूख हाय," त्या म्हणाल्या. "आंगावरनं काढायचा न्हाई."

काढण्याचा प्रश्नच नव्हता. पुरुषाच्या कमरेचा करदोटा कोणत्या प्रसंगी तोडतात, हे त्या गावात सांगावे लागत नसे.

जर्मनीने जयसिंगरावांचे स्वागत लोणी, बटाटे आणि जाडजूड पाव यांनी केले. घरमालकीण वाढण्यात उदार होती, आणि पुरे हा शब्द तिच्या भाषेत कसा म्हणावा हे दोघांनाही ठाऊक नव्हते. दीड महिन्यात जयसिंगरावांच्या देहाने सर्व दिशांनी विस्तार केला. करदोटा मात्र होता तेवढाच राहिला.

सातव्या आठवड्यातल्या एका सकाळी विजार चढवताना त्यांचा तळवा उजव्या मांडीवर पडला. हाताला मांडी कळली. मांडीला हात कळला नाही. त्यांनी चिमटा घेतला. चिमटा जणू शेजाऱ्याला बसला. वर त्या बधिर जागेत अधूनमधून मिरची चोळल्यासारखी आगही होई.

ते खाटेवर बसून राहिले. त्यांच्या वडिलांचा पाय असाच एका सकाळी बधिर झाला होता. दुपारपर्यंत अर्धे अंग गेले, आणि पुढची सात वर्षे खाटेवर. आता आपलीही पाळी, आणि तीही परदेशात! पाय गेला तर विद्या गेली. त्यातच आजारी माणसाला पहिल्या विमानाने परत धाडायचे, असा कंपनीचा नियम होता. तेव्हा जयसिंगरावांनी मौन स्वीकारले, आणि फिटर जे करतो ते केले: आधी माप घेतले.

लोखंडावर रेघा ओढायच्या सुईने ते रोज सकाळी मांडी टोचत. जेथे कळेनासे होई तेथे कारखान्यातून आणलेल्या निळ्या रंगाचा ठिपका देत, मग ठिपके जोडून हद्द आखत आणि तीवर तारीख घालत. उपचारही त्यांनीच योजला. साप चावला म्हणजे विष वर चढू नये म्हणून आपल्याकडे वरच्या अंगाला आवळून बांधतात. अंगावरून जाणाऱ्या वाऱ्यालाही हाच न्याय लागू, असे ठरवून त्यांनी करदोट्यावरून चामडी पट्टा दर आठवड्याला एकेक भोक अधिक आवळायला आरंभ केला. पट्टा आवळत गेला आणि हद्द पसरत गेली; आणि ती पसरते आहे म्हणून ते पट्टा आणखी आवळीत.

तिसऱ्या भोकाच्या आठवड्यात भीमराज पुसायला टॉवेल मागण्यासाठी खोलीत शिरले आणि थबकले.

"जयसिंगराव, मांडीवर तालुक्याची हद्द कुणी आखली?"

"काय न्हाई. रंग सांडला."

"सांडलेला रंग तारीखवार?" भीमराज वाकून वाचू लागले. "तीन नोव्हेंबर, दहा नोव्हेंबर... दर आठवड्याला नवी गावं सामील होताहेत की."

जयसिंगरावांनी विजार ओढून घेतली. "पाय चाललाय माझा, भीमराज. बापाचा गेला तसाच."

"कुठं चाललाय? काल त्याच पायानं टेकडी चढलात, मी मागं धापा टाकत होतो."

"बोलू नगा कुणाला. परत धाडतील."

"बरं, नाही बोलत. पण उद्या पडलात तर उचलून कोण नेणार? मी? भाऊ, स्वतःकडं बघा जरा. तुम्हाला उचलायला क्रेन लागंल." मग त्यांचा स्वर उतरला. "डॉक्टरला दाखवू. कंपनीच्या नव्हे, गावातल्या."

गावातले डॉक्टर वयोवृद्ध होते, आणि त्यांच्या हाताखाली दैवयोगाने केरळची एक परिचारिका होती. तिच्या हिंदीच्या पुलावरून रोग पलीकडे जाऊ लागला. निळी मांडी पाहून डॉक्टर प्रथम दचकले. मग त्यांनी चष्मा चढवला, कपाटातला एक जाड ग्रंथ उघडला, त्यातले चित्र मांडीशेजारी धरले आणि बराच वेळ आळीपाळीने दोहोंकडे पाहिले.

"पूछते हैं, यह किसने बनाया?" परिचारिका म्हणाली.

"हमनेच. सुईसे."

"बोलते हैं, किताब से अच्छा है."

यानंतर डॉक्टर चाकांच्या खुर्चीवर बसले, जयसिंगरावांचे पाऊल आपल्या तळहातांवर घेतले आणि ढकलण्याची खूण केली. बारा वर्षांच्या तपाने ढकलले. डॉक्टर खुर्चीसकट मागे गेले ते औषधांच्या कपाटाला टेकूनच थांबले. तेथूनच त्यांनी हसत निदान सांगितले: पायाचे बळ शाबूत आहे. कमरेच्या हाडाच्या काठावरून त्वचेची एक नस मांडीत उतरते. फक्त तीच चेपली गेली आहे. हा अर्धांगवायू नव्हे.

मग त्यांनी पट्टा सोडायला लावला. त्याखाली, फुगलेल्या पोटाच्या घळीत करदोटा रुतला होता, आणि पासपोर्टाची पिशवी नेमकी उजव्या हाडावर दाबून बसली होती. डॉक्टरांनी दोऱ्याखाली बोट घालण्याचा यत्न केला. ते गेले नाही. त्यांनी कात्री उचलली.

जयसिंगराव कंबर धरून उभे राहिले. "ह्ये तोडायचं न्हाई."

"सिस्टर, ये मुर्दे का काटते हैं," भीमराजांनी खुलासा केला. "जिंदा आदमी का नहीं."

परिचारिकेने ते जर्मनमध्ये सांगितले. डॉक्टरांनी कात्री अत्यंत आदराने खाली ठेवली.

"भाऊ, आमच्यात कधीच सोडलाय तो," भीमराज हळूच म्हणाले. "बघा की, चालतोबोलतोय मी."

"तुमचं येगळं. तुमी इचार करून सोडला. मी दवाखान्यात भिऊन सोडू व्हय?"

भीमराजांनी विचारले, "नवा आधी घालून मग जुना काढला, तर?"

"त्ये चालतं. पर हितं करदोटा कुठला?"

भीमराज खाली बसले. आपल्या बुटांच्या काळ्या नाड्या त्यांनी ओढून काढल्या आणि एकमेकींना जोडून जयसिंगरावांच्या कमरेभोवती घेतल्या. डॉक्टरांनी मध्ये आपली तीन बोटे घालून सैलपणाचे माप दिले; भीमराजांनी गाठ मारली. मग जयसिंगरावांनी कात्री मागून घेतली आणि जुना करदोटा स्वतःच्या हाताने कापला. पासपोर्ट कोटाच्या खिशात गेला. परतीच्या वाटेवर पाय ओढत चालले होते ते भीमराज. नाड्यांवाचून त्यांचे बूट प्रत्येक पावलाला मागे राहू पाहत होते.

"लोक समजतील, आजारी मीच," ते म्हणाले.

"मंग लंगडू नगा. कंपनी परत धाडंल."

पावातले लोणी कमी झाले, पट्टा चार भोके मागे सरला. पण नस ही मानी वस्तू. रुसलेली लगेच परतत नाही. डॉक्टरांनी काही आठवडे धीर धरायला सांगितले होते. जयसिंगराव दिवसभर उभ्याने खरवडीत आणि सकाळी सुईने हद्द तपाशीत. निळी रेषा थांबली; मग बोटभर आत सरकली; मग एकेक गाव मोकळे होऊ लागले.

जानेवारीतल्या एका सकाळी त्यांनी हद्दीच्या अगदी मध्यभागी सुई टेकवली आणि "आई गं" म्हणून ते असे उसळले, की पलीकडे दाढी करणाऱ्या भीमराजांनी गालावर लाल रेघ ओढून घेतली.

"काय झालं?"

"दुखलं," जयसिंगराव म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर अपूर्व प्रसन्नता पसरली.

"मग हसताय काय?"

शहानिशा करावी म्हणून त्यांनी तेथेच आणखी एकदा टोचून घेतले. तेही दुखले. तेव्हा कोठे त्यांनी विजार चढवली आणि ते कामावर निघाले.