यशोधरा उठली नाही

हुबळी स्टेशनाबाहेर येताच कन्नड कानावर पडलं आणि मी घरच्या माणसासारखी, पाटी न वाचताच, समोरच्या बसमध्ये चढले. ती निघाली धारवाडची जलद बस. "केशवापूर हिंद उळीतु री" (मागं राहिलं), शेजारची बाई म्हणाली. रायापूरला उतरले, गाड्यावर गिरमिट (चिंचगुळात कालवलेले चुरमुरे) खाल्लं. चव तीच, शाळेच्या फाटकाबाहेरची. मग उलट फिरले.

जायचं होतं केशवापुरात, अक्कांकडे. त्या आम्हाला मराठी शिकवायच्या. मी सातवीत असताना त्यांचे यजमान दोन लहान मुली टाकून संन्यास घ्यायला निघून गेले. त्याच वर्षी अक्कांनी संमेलनासाठी बुद्धाचं नाटक लिहिलं. मी यशोधरा. बुद्ध नगरीत परततो, सगळे सामोरे जातात, ती मात्र आपल्या दालनातच बसून राहते. तो तिच्याकडे येतो, ती त्याचे पाय धरते, अशी कथा. अक्कांनी पाय धरणं काढून टाकलं.

"कथेत तर धरते," मुख्याध्यापक म्हणाले.

"मग नाटकच नको," अक्का म्हणाल्या. नाटक झालं. मी बसून राहिले.

केशवापुरातल्या घराचं दार एका कृश म्हाताऱ्यानं उघडलं. "अगं, कुणीतरी आलंय," त्यांनी आत हाक दिली, तेव्हा ते कोण हे मला कळलं.

ते चहा ठेवायला गेल्यावर मी अक्कांना हळूच विचारलं, "कधी आले?"

"दोन वर्षं झाली. धाकटीनं दार उघडलं. मी मेथी निवडत होते, निवडत राहिले. ते आत येऊन खाली बसले. चुकलो म्हणाले, पायाला हात लावायला वाकले. मी पाय मागं घेतले. ते पण नको. म्हटलं, जेवून घ्या."

"माफ केलंत?"

"अजून नाही. अधूनमधून विचारतात. बघू म्हणते." त्या हसल्या. "तू आधी पेढा घे."

निघताना दोघं फाटकापर्यंत आली. यजमानांनी माझी पिशवी रिक्षात ठेवली.

परतीच्या गाडीत बुद्धाच्या जुन्या कथांमधल्या बाया आठवत राहिल्या. सुजाता खिरीसाठी लक्षात राहते, आम्रपाली आमराईसाठी. बाईनं काही देऊन टाकलं की तिचं नाव कथेत येतं. अक्कांनी एक गोष्ट अजून दिलेली नाही आणि त्यांचं घर नीट चाललं आहे. इतकी वर्षं मी त्यांची कीव करत होते. घटप्रभा स्टेशन मागं पडलं तेव्हा मला त्याची लाज वाटली.