अभ्यासिकेच्या खोलीबाबत खासदार ताईंस अर्ज

अर्जदार : मी स्वतः. वय पन्नाशीच्या पुढे, शिक्षण आठवी, धंदा अर्जलेखन, बैठक कचेरीच्या फाटकाबाहेर, राहणार येरवडा.

ज्यांस अर्ज केला : आमच्याच वस्तीतून दिल्लीस गेलेल्या खासदार ताई.

साक्षीदार : मार्केट यार्डात कांदा निवडण्यास जाणाऱ्या वस्तीतील बायका, तसेच माझी धाकटी मुलगी. नावे मागितल्यास स्वतंत्र देईन. सर्वजण समक्ष येऊन सांगण्यास तयार आहेत.

दिनांक : पहिली हकीकत ताई कॉलेजात असतानाची, शेवटची गेल्या रविवारची.

विषय : वस्तीतील अभ्यासिकेची खोली रस्ता रुंदीकरणात पाडली जाणार असल्याची नोटीस दारावर लागली आहे. माझी मुलगी तेथेच स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते व परीक्षा तोंडावर आली आहे.

अर्जास कारण की, इतरांची गाऱ्हाणी लिहिण्यात माझी उमर गेली. माझे अर्ज वाचून मोठमोठे अधिकारी चष्मा पुसून पुन्हा वाचीत, हे सर्वांस ठाऊक आहे. स्वतःचे गाऱ्हाणे मात्र प्रथमच लिहीत आहे. त्यामुळे थोडे मागून सांगतो.

ताई प्रथम माझ्या टेबलाशी आल्या तेव्हा त्यांस कोणी ताई म्हणत नसे. आई कांदा निवडणारी, मुलगी कॉलेजात. वस्तीत महापालिकेची एक खोली होती, तीत डास मारण्याची बंद पडलेली यंत्रे ठेवलेली. खोली रिकामी करून मुलामुलींना अभ्यासास द्यावी, एवढेच तिचे म्हणणे. मी माझ्या नेहमीच्या, म्हणजे उत्तम, पद्धतीने अर्ज लिहिला. अर्जदार स्त्री असली की 'पदर पसरून विनंती करते' हे वाक्य मी घालतोच. त्याने साहेब लोक मऊ होतात.

"काका, मी ड्रेस घालते," ती म्हणाली. "पदर कुणाचा पसरू?"

"अगं, ती लिहिण्याची रीत आहे."

"खोली सरकारी, मुलं इथलीच. यात पसरायचं काय? खोडा ते. आणि उत्तर कधी देणार, ते विचारा."

साहेबाला तारीख विचारणारा अर्ज तोवर माझ्या हातून झाला नव्हता. नाखुशीने लिहिला, पण अक्षर चांगले काढले.

अर्ज दिला की आपल्या प्रतीवर शिक्का घ्यावयाचा असतो, त्यास पोच म्हणतात. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असे समजावे. ती आईसोबतच्या बायकांना घेऊन कचेरीत गेली. मार्ग दाखविण्यास मी होतोच.

"पोच इथं मिळत नाही. पलीकडच्या खिडकीत," कारकून म्हणाले.

"पलीकडच्यांनी तुमच्याकडं पाठवलंय."

"मग मधे उभ्या राहा."

"बसलं तर चालेल का?"

बायका दोन्ही खिडक्यांच्या मधे बसल्या. जेवणाची वेळ झाली तसे त्यांनी डबे उघडले. मिरचीच्या खर्ड्याच्या वासाने सबंध कचेरी शिंकू लागली. कारकुनांनी एका हाताने नाक धरून दुसऱ्या हाताने शिक्का मारला. पुढे खोली मिळाली, यंत्रे हलली, टेबले आली.

त्यानंतरच्या निवडणुकीत ताई नगरसेविका झाल्या. अभ्यासिकेच्या दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर रोज सकाळी बसत, आणि आलेल्या प्रत्येक अर्जावर स्वतः सही करून पोच देत. काम होणार नसेल तर तेही त्याच कागदावर लिहीत. अशाने मते जातात, असे मी त्यांस अनुभवाने सांगितले. विधानसभेला त्या पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्ची त्याच जागी होती आणि त्या तीत होत्या.

लोकसभेच्या प्रचारात मी त्यांच्याबरोबर नारायण पेठेत फिरलो. एका सोसायटीच्या फाटकाशी बंडी घातलेले एक आजोबा उभे होते.

"कुठून आलात?"

"येरवड्याहून."

"सुटलात कधी?"

कार्यकर्ते चपापले. आमच्या भागाची ओळख तुरुंगावरून करण्याची शहराला सवय आहे. ताई म्हणाल्या, "जामिनावर आहे, आजोबा. आपण मत दिलंत तर निर्दोष सुटेन."

आजोबांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळले. "विचार करू. जाताना फाटकाला कडी लावा."

ताईंनी कडी लावली. निकाल आला त्या दिवशी मार्केट यार्डातल्या बायका अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून वस्तीत नाचल्या.

आता शेवटची हकीकत. नोटीस लागल्यावर वस्तीत बैठक झाली. आपल्याच बाईला अर्ज करणे परकेपणाचे दिसेल, तोंडी सांगू, असे एकमताने ठरले. त्या एकमतात मीही होतो. गेल्या रविवारी अभ्यासिकेपुढे ताईंचा सत्कार झाला. शाल, नारळ, साडीचोळी दिली आणि सर्वांनी एकदमच खोलीचे सांगितले. ताईंनी ऐकून घेतले व विचारले, "अर्ज कुठंय?"

कांदा निवडणाऱ्यांतल्या सर्वांत म्हाताऱ्या मावशी म्हणाल्या, "अगं, तुला कसला अर्ज? तू तर आमचीच."

"मावशी, मी तुमची आहे, हे दाखवायला साडीचोळी घेऊन हिंडू का? रस्ता महापालिकेचा, खोली महापालिकेची. मला फक्त विचारता येतं. विचारायला हातात कागद लागतो." मग माझ्याकडे वळून, "काका, धंदा बंद केलात?"

"नाही, ताई."

"मग लिहा. मी आधी काय काय केलं तेही लिहा. नाही म्हणायचं तर मला जड गेलं पाहिजे. आणि नुसतं पाडू नका म्हणू नका, जागा सुचवा."

जागा माझ्या मुलीने व तिच्या मैत्रिणींनी त्याच संध्याकाळी शोधली. वस्तीच्या दुसऱ्या टोकास बंद पडलेल्या दवाखान्याचा वरचा मजला रिकामा आहे. जिन्याच्या कुलूप लावलेल्या दाराच्या गजांतून पाहता खिडक्या आहेत, पंख्याचे हूकही आहेत. टेबले त्यात मावतील असा मुलींचा अंदाज असून तो मला मान्य आहे. कुलूप कोणाच्या ताब्यात आहे, एवढेच कळलेले नाही.

सबब मागणे येणेप्रमाणे की, दवाखान्याच्या त्या मजल्याची किल्ली कोणाकडे आहे याची आपण विचारणा करावी. तो मजला अभ्यासिकेसाठी मिळावा, व मुलींची टेबले तिकडे हलेपर्यंत जुन्या खोलीस हात लावू नये. रस्ता रुंद होण्यास आमची हरकत नाही. त्याच रस्त्याने मुली परीक्षेस जाणार आहेत. होकार असो वा नकार, उत्तर लेखी व तारखेसह द्यावे. तोवर मुली नोटीस लागलेले दार उघडून रोज अभ्यासास बसत आहेत, हे आपल्या माहितीस असावे, आणि आपल्याकडून आम्हांस न्याय मिळावा.

अर्जदार
(सही)