रूथचं कोपर

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, कॉलेजातल्या आमच्या कोच सरांना तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण परवा काष्टी गावात, मुलींना बेसबॉल शिकवते म्हणून, माझा सत्कार झाला आणि तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. शाल, नारळ, फेटा — आणि माइकवरचा तो माणूस! म्हणे, बाईंच्या बेसबॉल टीमची ताकद काय, तर दुसरी फळी. एक पोरगी जखमी झाली की दुसरी तयार. बाई स्वतःच एकदा अशा उतरल्या आणि फायनल जिंकून दिली. टाळ्या! मी हात जोडून उभी. लाज वाटली नाही का? वाटली. तरी जोडलेच ना हात.

तर ऐका. मी कॉलेजात होते तेव्हाची गोष्ट. दरवर्षी कुणाचा तरी घोटा मुरगळायचा, कुणाचं बोट मोडायचं, आणि आमची टीम तिथंच संपायची. मग सरांनी जोड्या लावल्या. प्रत्येक जागेला दोघी. पहिली खेळणार, दुसरी रोज तिच्याबरोबर तेच काम करणार. शिवाय एक नियम, तो मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. मॅचआधी पहिलीला काय दुखतंय ते दुसरीनं तपासायचं आणि दुसरीनंच सांगायचं. सर म्हणायचे, "खेळनारी पोरगी मरंल, पन दुखतंय म्हननार न्हाई. तिच्या जोडीदारनीला इचारा."

रूथ पिचर होती, म्हणजे बॅटरला चेंडू फेकणारी, आणि मी तिची जोडीदारीण. भिंगारची रूथ. चेंडू कसा धरायचा, मनगट कधी सोडायचं, सगळं मला तिनं शिकवलं — ही उद्या माझी जागा घेईल, असलं काही तिच्या मनाला शिवलंही नाही. तिला पोलिसात जायचं होतं. वडील नव्हते, धाकटी बहीण शिकत होती, घर हिच्यावरच येणार होतं. भरतीसाठी पहाटे धावायची, गोळा फेकायची. गोळा तर असा फेकायची की मुलं बघत उभी राहायची.

सेमीफायनलच्या सकाळी मी नेहमीसारखा तिचा हात मांडीवर घेतला. कोपराच्या आतल्या बाजूला अंगठा दाबला. तिची बोटं आपोआप आत वळली. कोपर गरम लागत होतं. मी पुन्हा दाबलं. का दाबलं पुन्हा? पहिल्यांदाच कळलं होतं की मला! मग ती हळूच म्हणाली, "तू सांगशील ते. बस म्हणालीस तर बसते."

आता खरं सांगते. समोरच्या टीममध्ये एक उंच बॅटर होती. आदल्या वर्षी तिनं मारलेला चेंडू सरळ रूथच्या तोंडावर आला होता — तिनं ग्लोव्ह आडवा घातला म्हणून दात वाचले. मी बेंचवरून पाहिलं होतं. तेव्हापासून ती बॅटर माझ्या स्वप्नात यायची. रूथ बसली तर उतरणार कोण? मी! वर्षभर मलाही खेळवा म्हणून कुरकुर करणारी मी. आणि वेळ आली तेव्हा —

सरांनी लांबून विचारलं. मी म्हणाले, "हात ठीक आहे, सर."

रूथचा चेहरा खुलला. तिला बरं वाटलं होतं हो! ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

ती शेवटच्या डावापर्यंत खेळली. त्या उंच बॅटरला तिनंच बाद केलं आणि त्याच चेंडूला तिच्या कोपरात काहीतरी तुटलं. कोपर धरून खाली बसली. आम्ही जिंकलो. दुसऱ्या दिवशी फायनलला समोर लेचीपेची टीम, आणि पिचर मी. जिंकलो. पोरींनी मला खांद्यावर घेतलं. जो तो म्हणत होता, काय टीम आहे, पहिली पिचर गेली तरी फरक पडला नाही. नाही पडला? रूथला विचारलंत का कुणी?

तिचा हात पुन्हा पूर्ण सरळ झाला नाही. भरतीत धावण्यात ती पुढे होती, पण गोळा तिच्या पायाजवळच पडला. आता ती भिंगारच्या बाजारात कापडाच्या दुकानात काम करते. वरचं ठाण डाव्या हातानं काढते.

भित्री होते, असं म्हणून सुटू का मी? भीती सगळ्यांनाच वाटते. हिचा हात दुखतोय आणि माझ्यानं होणार नाही, असं सांगता आलं असतं. सरांनी तिसऱ्याच कुणा पोरीला उतरवलं असतं. हरलो असतो. एवढंच झालं असतं ना? हरलो असतो!

काल भिंगारला गेले, सगळं सांगायचंच असं ठरवून. दुकानात नवीन लागलेल्या मुलीला रूथनं हौसेनं माझी ओळख करून दिली. हाताचं कसं झालं, असं त्या मुलीनं विचारलं. रूथ हसली. म्हणाली, "माझीच चूक गं. हात चांगला होता, हिनं तपासला होता. मीच वेडावाकडा फेकला." आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "होय ना?"

मी म्हणाले, "होय."

मग पडद्यांसाठी कापड घेतलं आणि घरी आले.